डीबगर कोणाची वाट पाहून राह्यला होता

डीबगर म्हणजे काय ते आधी सांगून देते, नाईतर पुढचं सगळं हवेत जाईन. प्रोग्राम चालू केला की तो धडाधड पळते, अन् कुठी पडला ते दिसत नाई. डीबगर त्याले एकेक ओळ चालवते, पाहिजे तिथी थांबवते, अन् थांबला की त्याच्या खिशात त्या घडीले काय काय आहे ते दाखवते. आम्ही ज्या एडिटरमध्ये प्रोग्राम टाइप करायचो त्याच्याच पोटात हा डीबगर होता. एक बटण दाबलं की एक ओळ पुढं. मी ते बटण इतकं धडाधड दाबायची का लॅबचे शिपाई भाऊ दारातून ओरडायचे, "ओ बाई, हार्मोनियम नाई ते!"

तर त्या पावसाळ्यात हा डीबगर अटकायला लागला. बटण दाबलं का पडदा जसाच्या तसा. माऊसच्या जागी वाळूचं घड्याळ. कीबोर्ड मेलेला. तोवर कँटीनमधून चहा आणून, फुंकून, पिऊन होते, तरी साहेब तिथीच. मंग एकदम जागा होते, एक ओळ पुढं जाते, अन् पुन्हा डोळे मिटून घेते. माह्यासारख्या घाईच्या माणसाले ही शिक्षाच. अन् त्या महिन्यात माह्याजवळ वेळ बिलकुल नव्हता.

आमचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट दोघांचं होतं. माहं अन् त्याचं. मी भद्रावतीची. अब्बांचं गादीघर, घरी हिंदी, अन् रोज एसटीनं चंद्रपूरले येणं-जाणं. तो भामरागडच्याही पलीकडच्या एका माडिया आदिवासी गावचा. आश्रमशाळेत शिकला, मंग गडचिरोली, मंग आमचं कॉलेज. पहिल्या वर्षी आमची ओळखच अशी झाली का मी कायतरी चुकीचं मराठी बोल्ली, पोरं हसले, अन् हा मागच्या बाकावरून म्हणे, "हसू नका बे. ते अन् मी, आम्ही दोघंही मराठीत पाहुणे आहो."

प्रोजेक्टची कल्पना त्याची. तो पहिलीत गेला तवा मास्तर म्हणे 'पाणी', अन् ह्याले कळेना का हा माणूस मागून काय राह्यला. तर आम्ही असा प्रोग्राम करत होतो का पडद्यावर चित्रं दिसतीन, पोरगं एकावर क्लिक करन, त्याचा माडिया शब्द ऐकू येईन अन् खाली मराठीत तोच शब्द मोठ्या अक्षरात लिहून येईन. चित्रं, पडदा, बटणं माह्याकडे. आवाज त्याच्याकडे. शब्द त्यानं स्वतःच म्हटले होते, लॅबचे पंखे बंद करून, मे महिन्यात, चंद्रपुरात! घामानं माईक निसटून राह्यला होता हातातून. मी फक्त आवाजाची पट्टी पाहून राह्यली होती, ती लाल व्हायले नको म्हून. शब्द कोणता म्हणते तिकडं माहं ध्यानच नव्हतं.

"निदान एखादा तरी शिक," तो म्हणे.

"प्रोजेक्ट झाल्यावर शिकते न. तू कुठी पळून जातं?"

असं बोल्ली होती मी. जाऊ द्या.

आमच्या लॅबची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाई. थर्मलचं वीजकेंद्र आमच्या इथी, कोळसा आमच्या इथी, अन् लाईट आमचीच जायची. प्रोग्राम टाइप करता करता गेली की केलेलं सगळं पाण्यात. पूर्ण लॅबमध्ये इन्व्हर्टर एकाच मशीनले लावलेला होता, पाच नंबरच्या. म्हून सगळी पोरं आपलं काम पाच नंबरवर ठेवायची अन् आपापल्या मशीनवरून नेटवर्कच्या वायरीतून ते उघडायची. पाच नंबरवर तो बसायचा. हॉस्टेलले राहायचा, सकाळी पहिला यायचा, म्हून ती त्याचीच झाली होती. पोरं तिले त्याच्याच नावानं हाक मारायची. आमचा दोघांचा सगळा कोड तिथीच. माह्या भागाची नक्कल माह्या मशीनवर होती, कारण मी दिवसातून दहादा तो बदलायची. त्याच्या भागाची नव्हती. काऊन असन? त्याचा भाग त्याच्याजवळ होता न.

पावसाळ्यात तो घरी गेला. धान रोवायले माणसं कमी होते, आठ दिवसांत येतो म्हणे. तिकडं ताप आला. हिवताप, डोक्यात गेलेला. त्याच वेळी पुलावरून पाणी चालून राह्यलं होतं. रस्ता बंद. गावकऱ्यांनी त्याले खाटेवर टाकून नदीपर्यंत आणलं अन् तिथी बसून राह्यले, पाणी उतरायची वाट पाहत. पाणी उतरलं. पण तो तोवर थांबला नाई.

कॉलेजले कळलं तवा त्याची माती होऊनही गेली होती. आम्ही वर्गात उभे राह्यलो दोन मिनिटं. मले रडू आलं नाई. मले एकच दिसून राह्यलं होतं, का त्याची स्टीलची बाटली लॅबच्या खिडकीत तशीच आहे, अर्धी भरलेली.

मंग काही दिवसांनी मी प्रोजेक्टच्या सुरुवातीले एक पान जोडलं. त्याचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, अन् खाली त्याचं नाव, त्याच्या गावाचं नाव. प्रोग्राम उघडला का सगळ्यात पहिले तो दिसन. मले लय बरं वाटलं ते करून. अन् त्याच दिवसांपासून प्रोग्राम पडायला लागला. बाकी चित्रांवर क्लिक केलं तर त्याचा आवाज यायचा, पण शेवटच्या चित्रावर क्लिक केलं का सगळा प्रोग्राम धाडकन बंद.

आमच्या सरांनी पाह्यलं. माणूस चांगला होता, पण त्यांच्याही डोक्यावर बाहेरून येणारा परीक्षक होता.

"हे आवाजाच्या भागात मरून राह्यलं," सर बोल्ले. "दुरुस्त होत असन तर कर. नाई झालं तर तो भाग काढून टाक, तुझा चित्रांचा भाग एकटा दाखव. पास होऊन जाशीन."

"सर, मंग त्याचं नाव?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ज्याचं काम त्यात नाई त्याचं नाव मी कसं ठेवू बेटा? तूच सांग."

म्हणजे आवाजाचा भाग गेला का तो पूर्णच गेला. आवाज जाईन, नाव जाईन, फोटोचं पान जाईन. मी सरांले म्हटलं, "तोंडी परीक्षेपर्यंत द्या. मी काढते शोधून." अन् जाऊन डीबगर चालू केला, तर हा असा! दर ओळीले चहा!

मी काय काय नाई केलं! मशीन बंद-चालू केली. व्हायरस शोधला, सापडले दोन, काढले, फरक शून्य. डीबगरच्या बाजूले एक खिडकी असते, तिच्यात आपल्याले पाहिजे त्या गोष्टींची किंमत दिसत राहते. त्यात जास्त भरलं तर तो दमते असं कोणीतरी बोल्लं, म्हून ती पूर्ण रिकामी केली. थांबायच्या खुणा सगळ्या पुसून एकच ठेवली. एडिटर काढून पुन्हा टाकला. लॅबच्या भाऊंनी मशीनचं पोट उघडून धूळ उडवली, दुसऱ्या मशीनची मेमरी काढून माह्या मशीनले लावली.

"गरमी होत असन त्याले," भाऊ बोल्ले.

"भाऊ, ऑगस्ट हाये."

"चंद्रपूर बी हाये."

मंग मी पाच ओळींचा एक फालतू प्रोग्राम लिहिला, नुसता नमस्कार म्हणणारा, अन् त्याच डीबगरमध्ये चालवला. पळाला की हो! बटण दाबलं का ओळ, बटण दाबलं का ओळ. म्हणजे मशीन चांगली, एडिटर चांगला, डीबगरही चांगला. फक्त आमचं प्रोजेक्ट दिसलं का त्याचे पाय जड होत होते. मले खरं सांगू, तवा मले भीती वाटली. अम्मी घरी म्हणे, मेलेल्या माणसाचं काम उकरू नको. मी चिडली तिच्यावर. पण एसटीत बसल्यावर तेच डोक्यात.

उकललं ते असं. दुपारी भाऊ लॅब पुसून राह्यले होते. माह्या मशीनमागं फडकं घातलं अन् नेटवर्कची वायर निसटली. मले माहीतच नाई. मी आपली बटण दाबून राह्यली होती, चहाच्या तयारीनं, अन् डीबगर सटकन पुढं! पुन्हा दाबलं, पुन्हा सटकन! मी ओरडलीच. भाऊंले वाटलं करंट लागला.

"काय केलं भाऊ तुम्ही?"

"काई नाई केलं बाई! वायर निसटली, लावून देतो."

त्यांनी वायर लावली. डीबगर मेला. मी म्हटलं, काढा. काढली. डीबगर जिवंत. लावा, काढा, लावा, काढा. भाऊ म्हणे, "मी पुसू का हेच करू?"

मंग मी एडिटरच्या सेटिंगा उघडून एकेक वाचल्या. जन्मात कधी वाचल्या नव्हत्या. डीबगर एका ओळीवर थांबला का त्याले ती ओळ आपल्याले दाखवायची असते. त्यासाठी तो मूळ कोडाची फाईल शोधते, अन् कुठी कुठी शोधायची त्याची एक यादी असते, वरून खाली. आमच्या प्रोजेक्टच्या यादीत सगळ्यात वर पत्ता होता पाच नंबरच्या मशीनचा.

अन् पाच नंबर जाग्यावर नव्हती. तो गेल्यावर इन्व्हर्टरसकट ऑफिसात नेली होती, पगाराच्या कामाले. लॅबच्या नेटवर्कवर ती आता नव्हतीच. पण डीबगरले कोण सांगन? तो दर ओळीले पहिले तिलेच हाक मारायचा. उत्तर नाई. तो थांबायचा. येईन, येईन म्हून थांबायचा. शेवटी कंटाळून माह्या मशीनवरची नक्कल उचलायचा अन् एक ओळ पुढं जायचा. पुढच्या ओळीले पुन्हा तिलेच हाक. वायर काढली का त्याले लगेच कळायचं का रस्ताच नाई, म्हून तो थांबत नव्हता.

मी त्या ओळीवर माऊस नेऊन बसली. एवढ्या दिवसांचा राग, एडिटरले घातलेल्या शिव्या, सगळं उतरून गेलं. अन् जे वर्गात उभं राहून आलं नव्हतं ते तिथी आलं, खुर्चीवर, भाऊंच्या समोर. भाऊ बादली घेऊन बाहेर गेले अन् दार ओढून घेतलं.

मंग मी ती ओळ काढून टाकली. काढावीच लागते, ती ठेवून काम नाई होत.

आता डीबगर हवेसारखा. माह्या भागातल्या ओळी झरझर. मी पोचली त्या जागी जिथी माहा भाग त्याच्या भागाले चित्राचा नंबर देते अन् म्हणते, वाजव. मी आत शिरायचं बटण दाबलं. समोर कोरी खिडकी. वर एकच वाक्य, का या भागाचा मूळ कोड सापडला नाही.

पळत गेली ऑफिसात. पाच नंबर कोपऱ्यात, तिच्यावर पगाराची पत्रकं. तिथल्या बाबूंनी सांगतलं का ती आणल्या दिवशीच पूर्ण कोरी केली. "पोरांचा कचरा होता बाप्पा सगळा." त्यांची काय चूक? त्यांले कोणी सांगतलं नव्हतं. बाकी पोरांनी आपापलं काम आधीच काढून घेतलं होतं; त्याचं काढून घ्यायचं मलेही सुचलं नव्हतं.

म्हणजे त्यानं लिहिलेली एकही ओळ आता कुठीच नव्हती. माह्या मशीनवर होतं ते त्याच्या भागाचं तयार झालेलं, मशीनच्या भाषेतलं रूप. ते चालायचं, पण वाचता येत नव्हतं. आवाज त्याच्याच पोटात शिवून टाकलेले, गादीत कापूस असते तसे. उघडायची चेन नाई. त्याची चूक असन तर संपलं. दुरुस्त करायले काही उरलंच नव्हतं.

पण त्याची चूक नव्हती. लॅबमध्ये येऊन मी डीबगर त्याच्या भागाच्या दाराशीच थांबवला, आत जाणारा नंबर पाह्यला. मी घरावर क्लिक केलं होतं. घराचा नंबर पहिला पाहिजे. डीबगरनं दाखवला दुसरा. मी झाडावर क्लिक केलं, तर त्याच्या पुढचा. सगळे एकेक जागा पुढं सरकलेले. काऊन? तर मी सुरुवातीले जोडलेलं ते पान! त्याचा फोटो प्रोग्रामनं पहिलं चित्र म्हून मोजला होता अन् बाकीच्यांले मागं ढकललं होतं. शेवटच्या चित्राले मंग जो नंबर जात होता तसा शब्द त्याच्याजवळ नव्हताच. तिथी तो पडायचा.

अन् तवा माह्या ध्यानात आलं. त्या पूर्ण महिन्यात मी प्रोग्राम चालवून चालवून शब्द शिकली होती. त्याच्याच आवाजात. त्याले बोल्ली होती न, शिकते म्हून. घराच्या चित्रावर तो 'एर' म्हणे, मी बी म्हणे, एर. एसटीत बसून पाठ करायची. एर म्हणजे पाणी. सगळे शब्द पाठ होते माहे, अन् सगळे चूक. मले टोकायले कोणी नव्हतं.

एक ओळ बदलली, फोटो मोजू नको म्हून. शेवटच्या चित्रावर क्लिक केलं. त्यानं शब्द म्हटला. प्रोग्राम उभाच.

परीक्षा झाली. परीक्षकानं विचारलं, "आवाजाच्या भागाचा कोड दाखवा." मी म्हटलं, "सर, नाई आहे." सरांनी त्यांले बाजूले नेऊन कायतरी सांगतलं. ते परत येऊन बसले अन् चित्रांवर एकेक क्लिक करत गेले, हळू हळू, सगळे ऐकले. मंग म्हणे, "राहू द्या नाव."

दिवाळीच्या आधी त्याचे बाबा आले, हॉस्टेलमधली पेटी न्यायले. बारीक माणूस, डोक्याले पंचा, चपला दाराबाहेर काढून लॅबमध्ये आले. मी त्यांले खुर्ची दिली. फोटोचं पान उघडलं. त्यांनी पाह्यलं अन् मान हलवली, जशी ओळख पटल्यावर हलवते माणूस. मंग मी घरावर क्लिक केलं.

"लोन," तो बोल्ला.

बाबा मागं सरकले. मंग पुढं झुकून पडद्याजवळ कान नेला. मी एकेक वाजवत गेली. दर शब्दाले ते तोंडातल्या तोंडात तोच शब्द म्हणायचे. शेवटी त्यांनी माडियात त्याले काही विचारलं, लांबच लांब, अन् थांबून राह्यले. मले समजलं नाई काय विचारलं ते. मी पुन्हा पाणी वाजवलं, दुसरं काय करू?

"बाई," ते मले म्हणे, "ह्याच्यात माय हाये. बाप नाई."

खरंच नव्हता. पडद्यावर चौकोन तेवढेच मावले होते अन् चित्रं मी निवडली होती. आईचं चित्र मले काढता येत होतं.

"टाकून दे न त्याच्यात," ते म्हणे. "तो नाई म्हणू शकत तर मी म्हणतो. माहा आवाज घे."

आता त्यांले कसं सांगू का त्याच्यात काही टाकता येत नाई? जे आहे ते वाजन, पण वाढणार नाई, त्याच्या ओळी राह्यल्या नाई. मी माईक जोडला. त्यांनी शब्द म्हटला. घसा खाकरून पुन्हा म्हटला, जरा जोरात, जसं नदीच्या ह्या काठावरून कोणाले हाक मारून राह्यले. मी ती फाईल ठेवली.

मंग मी खरं तेच सांगतलं. "काका, हा त्याच्यात जात नाई. वेगळा राहीन."

"कुठी राहीन?"

"त्याच्या बाजूले. एकाच फोल्डरात... म्हणजे एकाच पेटीत समजा. त्याचा एक, तुमचा एक."

पडद्यावर दोन नावं होती, एकाखाली एक, त्यांले वाचता येत नव्हती. मी बोट ठेवून दाखवलं, हे त्याचं, हे तुमचं.

"लागून हाये न?" ते म्हणे.

"हो काका. लागूनच."

"मंग असू दे," म्हणे, अन् पेटी खांद्यावर घेऊन निघाले. आलापल्लीची गाडी चुकली असती त्यांची.